एसीच्या फिटिंगला बारा हजार द्यायचे का?

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय. घर जुनं, तळमजला आणि वर एक मजला. वरच्या खोलीत सासरे झोपतात. रेल्वेतून निवृत्त, वय ७४, दम्याचे पेशंट. गेल्या मे महिन्यात उन्हाचा त्रास होऊन त्यांना सलाईन लावावं लागलं, तेव्हाच घरात ठरलं की पुढचा उन्हाळा एसीशिवाय काढायचा नाही. दीड टनाचा थ्री स्टार इन्व्हर्टर एसी ३८,५०० रुपयांना मिळतोय, फाइव्ह स्टार ४७,५०० ला. दुकानदार म्हणतो, फिटिंग फुकट, फक्त स्टँड आणि किरकोळ सामानाचे २,२०० द्या. आउटडोअर, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, गल्लीकडच्या गॅलरीच्या कठड्याला लावून टाकू. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्यानं घर पाहून १२,४०० चं कोटेशन दिलं: आउटडोअर मागच्या बाजूला मोरीच्या स्लॅबवर, मीटरपासून स्वतंत्र वायर, नवं अर्थिंग. ताईंचे मिस्टर म्हणतात, "चाळीस हजारांच्या वस्तूला बारा हजारांचं फिटिंग? त्यापेक्षा तेच पैसे घालून फाइव्ह स्टार घेऊ." पैसे ५०,००० च्या एफडीत आहेत, ती ऑगस्टमध्ये पिकते. ती मोडायची की दुकानातल्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचं, हा दुसरा प्रश्न.

ताई, माझं मत आधी सांगतो. थ्री स्टार घ्या, मागच्या बाजूचं फिटिंग करा आणि एफडी मोडा. मिस्टरांची शंका चुकीची नाही, पण त्यांनी बेरीज अर्धीच केलीय. फाइव्ह स्टार आणि दुकानदाराचं फिटिंग मिळून ४९,७०० होतात. थ्री स्टार आणि पूर्ण फिटिंग ५०,९००. दोन्हींत अंतर फक्त १,२०० रुपयांचं आहे. म्हणजे प्रश्न महाग की स्वस्त हा नाहीच. तेच पन्नास हजार एसीच्या लेबलवर घालायचे की भिंत, वायर आणि सांध्यांवर, एवढाच आहे.

आता लेबलचं बघू. एसीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तुमच्या दोन मॉडेलांमध्ये तो फरक साधारण २२० युनिटांचा निघतो. तुम्ही लिहिलंय की एसी फक्त रात्री, सासऱ्यांच्या खोलीत, एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत लागेल. धरा शंभर रात्री, रोज सात तास, म्हणजे ७०० तास. मग फरक उरतो ९६ युनिटांच्या आसपास. मे महिन्यात तुमचं बिल आताच अडीचशे युनिटांचं येतं, एसीमुळे ते ३०० ची रेघ ओलांडेल आणि वरचे युनिट महाग पडतील, म्हणून सरासरी १५ रुपये धरतो. वर्षाला बचत १,४४० रुपये. नऊ हजार जास्त देऊन घेतलेला फाइव्ह स्टार सहा वर्षांनी स्वतःचे पैसे वसूल करेल, तेही व्याज न धरता. दुकान किंवा दवाखाना असता, एसी दिवसभर चालणार असता, तर मी उलटा सल्ला दिला असता. बिलाचीही तयारी ठेवा: थ्री स्टारला सीझनभरात सात-साडेसात हजार रुपयांची वीज लागेल, आणि ती तीन-साडेतीन महिन्यांतच भरायची आहे.

दुकानात लेबलवरचं वर्ष मात्र बघा. स्टारचे निकष ठरावीक काळानं कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच स्टार नव्या लेबलवर पाच राहतीलच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो पक्क्या बिलावर तसाच दिसला पाहिजे.

खरा जीव या प्रश्नात आहे तो कठड्याचा. तुमच्या फोटोत गॅलरीचा कठडा साडेचार इंची दिसतो, आणि घर सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातलं, म्हणजे चुन्या-मातीत बांधलेलं असण्याची शक्यता मोठी. पारख घरच्या घरी होते. प्लास्टरवर बोटांनी टकटक करा. पोकळ, डबडबा आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटलंय. मिस्त्रीनं ड्रिल मारलं की खाली काय पडतं ते पाहा. लाल विटेची भुकटी पडली तर निदान विटेत गेलं. भुरकट माती भसाभस यायला लागली तर सांध्यात गेलं. अशा भोकात अँकर बोल्ट पकडतच नाही, पाना फिरवला की सगळा बोल्टच गरगर फिरतो. मग काही जण लाकडी गुट्टी ठोकतात, वरून सिमेंट लिंपतात आणि हात झटकून मोकळे होतात.

त्या बोल्टांवर काय लटकणार आहे? तीसेक किलोचं आउटडोअर, लोखंडी स्टँड, आणि रात्रभराची थरथर. त्यात आपल्याकडचं मे-जूनचं वादळ. रावेर-यावलकडे ज्या वाऱ्यानं केळीच्या बागा आडव्या होतात, तोच वारा भुसावळच्या गॅलऱ्यांवरूनही जातो. खाली शाळेच्या रिक्षा थांबतात हे तुम्हीच लिहिलंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरच्या मजल्यावरचं आउटडोअर खाली स्कूटरवर बसलेल्या तरुणाच्या अंगावर पडलं आणि तो गेला. अशा घटनेला कोणत्याही कोटेशनमध्ये रकमेचा रकाना नसतो, म्हणून स्वस्त फिटिंग स्वस्त दिसतं. आणि असं काही झालं तर दुकानदार नव्हे, घरमालक उभा राहतो. साध्या घरविम्यात तिऱ्हाईताला झालेल्या इजेची भरपाई आपोआप धरलेली नसते. ती वेगळी जोडून घ्यावी लागते. तुमच्याकडे घरविमा आहे असं पत्रात कुठे नाही, म्हणजे तोही आधार नाही.

गॅलरी पश्चिमेला आहे, हा दुसरा मुद्दा, आणि तो सरळ बिलाशी जोडलेला आहे. एसीची दीड टन ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या डब्याभोवतीची हवा त्याहून तापलेली असते. बाहेर उष्णता फेकणं जितकं अवघड, तितकं थंडावा कमी आणि वीज जास्त. "५२ डिग्रीपर्यंत चालतो" असं पत्रकावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बंद पडत नाही एवढाच. तेवढ्या उन्हात पूर्ण दीड टन मिळेल असा नव्हे. रात्री दहाला एसी लावला तरी ती भिंत बराच वेळ धग सोडत असते.

मोरीचा स्लॅब मात्र उत्तरेला आहे, आरसीसीचा आहे आणि खोलीच्या चारेक फूट खाली आहे. जागा उत्तम. डबा लटकत नाही, बसतो. सर्व्हिसवाला पाय रोवून उभा राहू शकतो, दोरीला लोंबकळत नाही. फक्त स्लॅबला गळती असेल तर आधी ती काढा, आणि वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडू देऊ नका. जड पायांचं स्टँड आणि खाली रबरी पॅड चालतील का ते विचारा. डब्याच्या मागे वीतभर आणि पुढे किमान तीन फूट मोकळं हवं. पुढून निघणारी गरम हवा शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार असेल तर तोंड थोडं वळवा, नाहीतर एसीपेक्षा शेजारधर्म महाग पडेल. चोरीच्या भीतीनं जाळी लावायची तर मोठ्या गाळ्यांची लावा. ताडपत्री, गोणपाट, पत्र्याची पेटी असलं काहीही चालू युनिटवर नको. धूळ आणि कापसाच्या हंगामात उडणारी रुई डब्यामागच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्यांमध्ये बसते, म्हणून मार्चमध्ये मेन स्विच बंद करून साध्या पाण्यानं त्या धुवाव्यात. मोरीवरचं युनिट धुणं जमतं. गॅलरीबाहेर लटकलेलं कोणी धूत नाही.

कोटेशनमधला सर्वात मोठा आकडा वायर आणि अर्थिंगचा आहे, दोन्ही मिळून ६,८००. मिस्टरांना बहुतेक हाच टोचला असेल. जुन्या घरात वरच्या मजल्याची एकच लाइन असते, त्यावर फ्रिज, कूलर, इस्त्री सगळं. त्यात दीड टनाचा एसी जोडला की रात्री दोनला एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे पडणारच नाही आणि सॉकेट काळं पडेल. मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी ही चैन नाही. बोर्डात आरसीसीबी नसेल तर तीही आत्ताच बसवा. माणसाला शॉक लागला की तीच पुरवठा तोडते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडं अर्थिंग नावालाच उरतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. बिलावर छापलेला मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

इथे थोडी घासाघीस करायला जागा आहे. जुनं अर्थिंग मोजून घ्या. ते चांगलं निघालं तर नव्या खड्ड्याचे ३,२०० वाचतील. मोजायला जो येईल तो फिटिंगवाल्याचाच माणूस नसावा, एवढं पाहा. जादा कॉपर पाइप अडीच मीटर धरलाय, मीटरला ९०० च्या हिशेबानं; तो बसवून झाल्यावर तुमच्यासमोर टेप लावून मोजू दे. स्टॅबिलायझर दुकानदार गळ्यात मारेल. आधी मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला व्होल्टेज मोजा, एसीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत असेल तर तो घेऊच नका.

एका गोष्टीत मात्र एक रुपयाही कमी करू नका, आणि ती तुम्ही स्वतः उभं राहून बघायची आहे. पाइप जोडले की आतली हवा काढायला व्हॅक्युम पंप लावतात. तो पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे, गेजचा काटा उणेच्या टोकाला गेला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर काही मिनिटं तिथेच राहिला पाहिजे. काटा परत यायला लागला तर सांधा गळतोय. घाईतला माणूस पंप आणतच नाही. डब्यातला थोडा गॅस फुस्स करून सोडतो आणि म्हणतो, हवा निघाली. तो गॅस तुम्ही विकत घेतलेला असतो, आणि पाइपात राहिलेली ओल पुढे कंप्रेसरला खाते. कच्च्या सांध्यातून गॅस गेला की दर उन्हाळ्याला तीनेक हजारांचं गॅस भरणं आलंच. दोन उन्हाळ्यांत तुमचं अर्धं कोटेशन वसूल. हल्ली बहुतेक एसीत आर-३२ हा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, तेव्हा काम चालू असताना जवळ बिडी-सिगारेट नको. वॉरंटी कार्डावर फिटिंग अधिकृत माणसाकडूनच हवं अशी अट आहे का, तेही वाचा.

आता एफडी. ६.७५ टक्क्यांची एफडी आठ महिन्यांवर मोडली आणि बँकेनं एक टक्का दंड कापला तर व्याज मिळेल १,९०० च्या थोडं वर. हातात येतील सुमारे ५१,९००. ऑगस्टपर्यंत थांबला असता तर व्याज ३,३७५ झालं असतं. म्हणजे मोडण्याची किंमत साधारण १,४५०. बँकेचा आठ महिन्यांचा दर मुळातच कमी असेल तर आणखी थोडी, ते शाखेत विचारून घ्या. ईएमआयचं काय? रोखीवर दुकानदार १,५०० ची सूट देतोय, ती जाते. प्रोसेसिंग फी ४९९ आणि त्यावर जीएसटी. शिवाय कार्डवरच्या नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, दुकानाकडून ते सुटीच्या रूपानं वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. नऊ हप्त्यांत तो चारशेच्या घरात जाईल. एकूण अडीच हजार. आणि फिटिंगचे १२,४०० तर रोखच द्यायचे आहेत. एफडीवर कर्ज काढलं तर हिशेब मोडण्याच्या जवळपास पडतो, पण तीन-चार महिन्यांसाठी एवढा कागद करायचं कारण दिसत नाही. अडीअडचणीचे ८०,००० बचत खात्यात वेगळे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच एफडी मोडा म्हणतो. ते नसते तर आधी कूलरवरच भागवा म्हटलं असतं.

कूलर विकू नका. मेअखेरपर्यंत आपली हवा कोरडी असते, तोवर दिवसा खालच्या खोलीत तो छान काम देतो. मृगाचा दमटपणा आला की मात्र तो नुसता चिकचिकाट करतो. एसीच्या खोलीत कूलर लावायचा नाही. सासऱ्यांच्या खोलीवरच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात किंवा पांढरा कूल रूफ पेंट द्या. आतलं छत कमी तापतं आणि दीड टनाला थोडा दम मिळतो.

फिटिंगचे पैसे एकरकमी देऊ नका. निम्मे सामान आल्यावर, उरलेले एसी एक अख्खी दुपार चालवून पाहिल्यावर. काम करणाऱ्याला सेफ्टी बेल्ट आणायला आधीच सांगा आणि त्याचा अपघात विमा आहे का विचारा. नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, बँक खात्यातूनच हप्ता जातो. मिस्टरांनी आणि तुम्हीही ते घेतलं नसेल तर एफडी मोडायला जाल त्याच फेरीत फॉर्म भरून या.