डुप्लिकेट चावीनं इंजिन का बंद पडतं?

प्रश्न: चावीवाल्याकडून कारची डुप्लिकेट चावी बनवून घेतली. दार उघडतं, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन क्षणभर चालून बंद पडतं आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी तर नवीन आहे, मग भानगड काय?

उत्तर: बॅटरी ठीकच आहे हो, तुमच्या गाडीतला इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, त्याचं काम चोख करतोय. ओरिजिनल चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीकशी ट्रान्सपाँडर चिप असते, तिला स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते, चावी ऑन केली की ती बहुतेक गाड्यांत साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. कोड जुळला तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन चालू ठेवतो, नाही तर इंधन किंवा स्पार्क तोडतो. जुन्या चिपचा कोड कायम एकच असायचा, आताच्या गाड्या दरवेळी वेगळा आकडा पाठवतात आणि चिपनं त्याचं बरोबर उत्तर द्यायचं, त्यामुळे नुसतं पातं कापून काही होत नाही. मला तर इमोबिलायझरची ही सोय फार मोलाची वाटते, युरोपियन युनियनमध्ये १९९८ पासून नव्या कारना ती सक्तीचीच आहे.

तुम्ही चिपवाली चावी घ्या आणि ती गाडीला प्रोग्रॅम करून घ्या. आधीची चावी हरवली असेल तर ती मेमरीतून काढायलाही सांगा, हे लोक हमखास विसरतात.