विसार देण्याआधी थर्मल तपासणीवर साडेसोळा हजार घालावेत का?

प्रश्न असा आहे: "कर्वेनगरमध्ये १९९८ सालच्या इमारतीतला, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा टू बीएचके ८२ लाखांना मिळतोय. मालकांनी नुकताच नवा रंग दिलाय. थर्मल कॅमेऱ्याने ओल शोधून देणारे १४ हजार अधिक जीएसटी मागतात. यजमान म्हणतात, बँकेचा माणूस बघायला येणारच आहे, मग वेगळे पैसे कशाला? आमच्याकडे स्वतःचे २४ लाख आहेत."

ताई, तपासणी जरूर करून घ्या. पण विसार देण्याआधी करा, आणि खाली लिहितो तशीच करा. तशी होणार नसेल तर ते साडेसोळा हजार खिशातच राहू द्या.

आधी तुमच्या २४ लाखांचा हिशोब मांडू. या रकमेच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे १६.४० लाख तुमचे. दोघांच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ५.७४ लाख, नोंदणी ३० हजार. एजंटाची एक टक्का दलाली धरली तर ८२ हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत. हातात उरतात ४९ हजार. बाथरूमची फरशी उखडून, नहाणी ट्रॅपपासून (पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्यापासून) वॉटरप्रूफिंग करून पुन्हा टाइल्स बसवायच्या, तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. मग पर्सनल लोन काढायचं, तेही गृहकर्जापेक्षा चढ्या व्याजाने आणि ऐन हप्ता सुरू होताना. मला काळजी वाटते ती याचीच.

बँकेचा माणूस किंमत ठरवायला येतो. बांधकाम कागदांशी जुळतं का, ते बघतो. भिंतीतली ओल शोधणं त्याचं काम नाही. घराच्या विम्यावरही भिस्त ठेवू नका, हळूहळू झिरपून झालेलं नुकसान त्यात सहसा बसत नाही.

आता कॅमेरा काय करतो ते समजून घ्या, कारण पैसे फुकट जातात ते इथेच. तो भिंतीच्या आत बघत नाही. पृष्ठभागातून बाहेर पडणारी अवरक्त किरणं टिपून तो तापमानाचं चित्र काढतो. ओल्या गिलाव्यातलं पाणी उडत असतं, म्हणून तेवढा भाग थंड दिसतो. गच्चीचं उलट आहे. दिवसभर तापलेल्या कोब्यात पाणी मुरलेलं असेल, तर तो भाग सूर्यास्तानंतर उशिरा निवतो आणि आजूबाजूपेक्षा गरम दिसतो. त्यामुळे पुट्टी आणि रंगाखाली आज ओल असेल तर ती बहुधा पकडली जाते. पण मेमध्ये पुण्यातली गळकी गच्चीसुद्धा ठणठणीत कोरडी असते. त्या दिवसात काढलेलं स्वच्छ चित्र तुम्हाला जूनबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून आदल्या दिवशी दोन्ही बाथरूमचे ट्रॅप बंद करून फरशीवर २४ तास पाणी साठवायला सांगा. गच्ची आणि पश्चिमेची भिंत दिवस मावळल्यावर बघा. विजेचा बोर्ड बघताना गिझर, एसी चालू हवेत, सैल जोड भार आल्याशिवाय तापत नाही. चकचकीत टाइल आणि स्टील आजूबाजूची उष्णता परावर्तित करतात आणि फसवतात. तेव्हा प्रत्येक संशयाच्या जागी ओल मोजणारा मॉइश्चर मीटर लावून आकडा अहवालात लिहून घ्या. नुसते निळे-लाल फोटो देणार असतील तर पैसे देऊ नका.

सळयांचा गंज या कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर ५ वर्षांनी व्हायला हवं. सभेची इतिवृत्तंही वाचा. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर दुरुस्तीवर किती खर्च करायचा, याचं गणितच बदलतं.

आणि खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा. तुमच्या बाथरूमची खरी हकीकत त्यांच्या बाथरूमच्या छताला दिसते. पोपडे, पिवळे डाग, कोपऱ्यात ठेवलेली बादली. यात फक्त थोडा संकोच खर्च होतो.

ओल सापडली तर ती कुठून येते, यावर खर्च कोणाचा ते ठरतं. पॅरापेटजवळच्या (गच्चीच्या कठड्याजवळच्या) कोपऱ्यात गच्चीतून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. बाथरूम किंवा सिंकमधून येत असेल तर घरमालकाने, म्हणजे उद्या तुम्ही.

अशा वेळी बरेच जण किंमत दीड लाखाने कमी करून मागतात. तुमच्या बाबतीत तो सौदा वाटतो तेवढा फायद्याचा नाही. किंमत दीड लाखाने उतरली की बँकेचं कर्जही १.२० लाखाने उतरतं. रेडी रेकनरचा, म्हणजे शुल्कासाठी सरकारने ठरवलेला किमान दर आड आला नाही तर मुद्रांक शुल्क साडेदहा हजारांनी घटेल. म्हणजे तुमच्या हातात रोख वाढते जेमतेम ४० हजार, आणि काम मात्र लाखाचं. त्यापेक्षा खरेदीखताच्या आधी मालकांनीच वॉटरप्रूफिंग करून द्यायचं, पुन्हा पाणी साठवून चाचणी घ्यायची, आणि ती पार पडेपर्यंत ठरावीक रक्कम राखून ठेवायची, असं करारनाम्यात लिहून घ्या.

घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ८२ हजार वाचतात. मात्र यजमान जुन्या करप्रणालीत असतील तर व्याजाची वजावट त्यांना मिळणार नाही, ते आधी तपासा. वाचलेले पैसे फर्निचरला न लावता दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा.

मालकांना फार घाई नसेल तर विसार जुलैअखेरपर्यंत थांबवा. दोन-चार मोठे पाऊस झाल्यावर गच्चीखालच्या खोल्यांत कॅमेरा लावला, तर त्याच साडेसोळा हजारांत कितीतरी खात्रीचं उत्तर मिळेल.