हरलेल्या सामन्यांची पाने

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल खेळणाऱ्या मेलबर्न युनिव्हर्सिटी फुटबॉल क्लबच्या इतिहासाचा तुझा मसुदा वाचला. 1859च्या स्थापनेवर तू मन लावून लिहिले आहेस. मात्र 1912 ते 1914 मधल्या सलग 51 पराभवांपाशी तुझा हात अडखळला आहे आणि ते एका ओळीत उरकले तर चालेल का, असे तू विचारतोस. चालणार नाही. हरलेला सामनाही लिहावा लागतो.

1908 साली हा क्लब व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये आला. 1911 पासून लीगने खेळाडूंना पैसे देण्यास मुभा दिली, तरी या विद्यार्थ्यांच्या संघाने हौशीपणा सोडला नाही. मग पैसे देणाऱ्या संघांपुढे त्यांचा टिकाव लागेना. 1914च्या हंगामानंतर क्लब लीगमधून बाहेर पडला तेव्हा 126 सामन्यांत 27 विजय, 2 बरोबरी आणि 97 पराभव अशी नोंद होती, आणि त्या विजयांपैकी बहुतेक पहिल्या तीन हंगामांतले होते. हौशी राहण्याची किंमत या आकड्यांत आहे. ती गाळलीस तर पुढे हौशी संघटनेत ब्लॅक्स आणि ब्लूज हे क्लबचे दोन संघ कोणत्या निष्ठेने खेळत आले, हे वाचकाला कसे कळावे?

आणखी एक चूक सांगतो, कारण ती पाहून मी खरोखर चिडलो. गोलला सहा आणि बिहाइंडला, म्हणजे गोलच्या खांबांच्या बाजूच्या जागेतून गेलेल्या चेंडूला, एक गुण ही मोजणी लीगमध्ये 1897 पासूनची आहे. त्याआधी निकाल केवळ गोलांवर ठरत असे. तू जुन्या सामन्यांना आजचा हिशेब लावून बरोबरीचे विजय करून टाकले आहेस. जसे नोंदले आहे तसेच छापावे.

मी हे इतके आग्रहाने का सांगतो, तेही ऐक. आमच्या उपनगरातल्या छोट्या क्लबचा मी चिटणीस असताना रौप्यमहोत्सवी पुस्तिका केली आणि एकही सामना न जिंकलेले दोन हंगाम तिच्यातून वगळले. नवे सभासद मिळावेत, मैदानाचे भाडे निघावे, एवढाच माझा हेतू होता आणि त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, असे मला आजही वाटते. पण समारंभाला आलेला एक जुना खेळाडू आपले नाव शोधत पुस्तिकेची पाने दोनदा चाळून ती खुर्चीवर ठेवून निघून गेला. पुढे त्या हंगामांच्या गुणवह्याही खोली आवरताना गेल्या, त्यामुळे ती नावे आता मलाही देता येत नाहीत.

तुझ्याकडे तर वर्तमानपत्रे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर मेलबर्नच्या ‘आर्गस’ या जुन्या वर्तमानपत्राचे अंक घरबसल्या वाचता येतात, तेव्हा साधने नाहीत असे मला सांगू नकोस. या क्लबच्या याद्यांत रूपर्ट बाल्फ आहे, जो पहिल्या महायुद्धात 25 एप्रिल 1915 रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मारला गेला. हरलेला सामना गाळताना अशी माणसेही गळतात.

पुढच्या रविवारपर्यंत 1911 ते 1914ची पाने पाठव. प्रत्येक सामन्याखाली सापडतील तेवढी नावे हवीत, संघातली अठराही सापडली तर फार बरे.

तुझा,
काका