बूटलोडर राहू दे, आधी हुक लिही

तुझा मेसेज वाचला. पायइन्स्टॉलर, म्हणजे पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल (एक्झी) बनवणारं आपलं टूल, त्याच्या मेंटेनन्समध्ये हात घालायचाय आणि सुरुवात बूटलोडरपासून करणार म्हणतेस. कर गं, पण त्याआधी थोडे दिवस नुसते इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, वाच. बूटलोडर म्हणजे एक्झी उघडली की आधी चालून पायथन सुरू करणारा सी मधला छोटा प्रोग्राम, तो काही रोज रोज बदलत नाही. रोजचं काम येतं ते दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांमुळे. आपलं टूल बाइटकोड, म्हणजे पायथनने कंपाइल केलेला कोड, चाळून इम्पोर्ट केलेली मॉड्यूल शोधतं, आणि कोणी मॉड्यूल लोड करणाऱ्या इम्पोर्टलिबला मॉड्यूलचं नाव रनटाइमला जोडून दिलं की ते त्याला दिसतच नाही, मग एक्झी बनते झकास आणि पोरगं ती बॉसच्या मशीनवर चालवायला जातं तर मॉड्यूल नॉट फाउंड. यासाठी हुक असतात, कुठल्या पॅकेजसोबत आणखी काय घ्यायचं ते टूलला सांगणाऱ्या छोट्या फाइली. बाहेरच्या पॅकेजचे हुक वेगळ्या रिपॉझिटरीत राहतात, त्यामुळे मेन टूलच्या रिलीजची वाट बघावी लागत नाही. कोरमध्ये 'अमुक पॅकेज असेल तर असं कर' असलं काही घुसवू नकोस, कितीही घाई असली तरी.

कोणी 'चालत नाही' म्हणून आलं की पहिला प्रश्न एकच, वन-डिर मोडमध्ये, म्हणजे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून, चालतंय का? वन-फाइल, म्हणजे सगळं एकाच एक्झीत कोंबलेलं, ते दरवेळी सगळं टेम्प फोल्डरमध्ये उघडतं, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो आणि निम्मा गोंधळ फाइलच्या पाथचाच निघतो.

अँटीव्हायरसच्या तक्रारी मात्र संपणार नाहीत. रेडीमेड बूटलोडर सगळ्यांचा तोच, मालवेअरवालेही तोच वापरतात, मग बिचाऱ्या साध्या हिशोबाच्या अ‍ॅपवरही लाल शिक्का. बूटलोडर स्वतः कंपाइल करून बघा, एक्झी डिजिटली साइन करा, अँटीव्हायरस कंपनीला कळवा, एवढंच सांगता येतं. लोक तरी तुझ्यावरच चिडणार, मनावर घेऊ नकोस.

आणि नाही म्हणायला शिक. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी हवी, असं कोणीतरी मागतंच. हे क्रॉस-कंपाइलर नाही, विषय संपला. नव्या उबुंटूवर बिल्ड करून जुन्यावर चालेना म्हणणाऱ्याला जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचं, समजावून सांग, चालवायचंय त्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बिल्ड कर म्हणावं.

दर ऑक्टोबरला नवीन पायथन येतो, तेव्हा जास्तीचा वेळ काढून ठेव. 2023 मध्ये 3.12 आला, त्यात पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल डिस्टयुटिल्सच काढून टाकलं होतं.

आता एखाद्या छोट्या पॅकेजचा हुक उचल. टेस्ट तूच लिहायचीस, पुल रिक्वेस्ट (बदल मेन कोडमध्ये घ्या ही विनंती) टाकायच्या आधी मला दाखव.