पतंगांच्या नोंदी: पहिल्या महिन्यापुरतं

रात्री दिव्याकडे येणारे पतंग (फुलपाखरांसारखे कीटक) बघायला बागेत दिव्यासमोर चादर लावलीत, फार छान! भाद्रपदात पाऊस उघडून उकाडा झाला आणि अमावास्या जवळ असली की पतंग भरपूर येतात. पौर्णिमेला कमी आले तर खचू नका.

- तारीख, वेळ, ठिकाण, दिव्याचा प्रकार त्याच रात्री लिहा.
- फोटो सरळ वरून काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.
- नवखे चुकतात ते नावात. फोटो जुळवून जात ठोकून देऊ नका. 'करडा, पंखावर पांढरा ठिपका' हीसुद्धा चांगली नोंद आहे.

कण्हेरीवर वाढणारा हिरव्या संगमरवरी नक्षीचा पतंग आला तर मनसोक्त बघा!

आणि उजाडण्याआधी दिवा बंद करून चादरीवरचे पतंग अलगद झुडपात सोडा. नाहीतर दयाळ, बुलबुल सकाळी चादरीवरच फस्त करतात.