पाणी नितळ, तरी मासे वर का येतात?

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद व उंच टाकीत चार गोल्डफिश आहेत. टाकी लावून तीन आठवडे झाले. दर रविवारी सगळं पाणी बदलतो, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतो. पाणी नितळ असतं, एअर पंपही चालू असतो; तरी संध्याकाळपासून मासे वर येऊन तोंड वासतात. काय चुकतंय?

उत्तर : तुमची स्वच्छताच नडतेय. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतो, आणि तो दिसत नाही. स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ते दर रविवारी उठवतं आणि कल्लेही पोळतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन नसेल, पण पीएच ७ ऐवजी ८ असला की तेवढाच अमोनिया जवळजवळ दसपट विषारी ठरतो.

तुमच्या टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. एक दिवसाआड त्यातलं फक्त १२ लिटर, म्हणजे एक बादली, बदला. हायपो (सोडियम थायोसल्फेट) १०० ग्रॅम घेऊन त्याचं एक लिटर द्रावण करून ठेवा. नळाच्या पाण्याच्या बादलीला त्यातलं २ मिलि पुरतं. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. खडे धुवायचे नाहीत. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. नायट्राइट दिसलं तर आयोडीन नसलेलं मीठ लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने, विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पुढे मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं, बादलीला १२ ग्रॅम. वाफ होऊन घटलेलं पाणी साध्याच पाण्याने भरा. खरं तर या टाकीला चार गोल्डफिश जास्तच आहेत. दोन तरी दुसरीकडे हलवा.

प्रश्न : अंगणातल्या कुंडाचं पाणी हिरवं झालंय. ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे मेलेले सापडतात.

उत्तर : शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढतं. ऊन नसलं की साठाच कमी होतो आणि सूर्योदयाच्या आधी तळ गाठतो. एअर पंप रात्रभर चालवा, ढगाळ दिवशी खाद्य बंद. शेवाळ मारायचं औषध एकदम ओतू नका. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. निम्म्या कुंडावर कमळाची पानं किंवा जाळीची सावली ठेवा.