फुलांचे अर्थ बघून बागेत झाडं लावावीत का?

तुमचा प्रश्न असा की नवीन घरापुढं बाग करायचीय, पण नेटवरच्या चार्टमधे शेवंती म्हणजे मरण, पिवळा गुलाब म्हणजे मत्सर असलं काय काय वाचून कन्फ्युजन झालंय, तर लावायचं काय. मी कोल्हापूरचा, घरात बाग आईची, मी फक्त पाणी घालणारा, तरी सांगतो, तो चार्ट आपल्यासाठी नाहीच ओ.

ती सगळी भानगड युरोपातली. 1819 साली पॅरिसमधे फुलांच्या भाषेवर एक पुस्तक निघालं, ते गाजलं, मग व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात असल्या पुस्तकांची टूमच निघाली, आणि एका पुस्तकातला अर्थ दुसऱ्यात असेलच असं नाही. पिवळा गुलाब तेव्हा मत्सराचा होता, आता तिकडंच तो मैत्रीचा म्हणून देतात. शेवंतीचं पण तसंच. फ्रान्समधे 1 नोव्हेंबरच्या आसपास लोक थडग्यावर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात म्हणून ती मरणाची, आणि जपानमधे 16 पाकळ्यांची शेवंती म्हणजे थेट सम्राटाचं चिन्ह. मग खरं कुणाचं धरायचं? आमच्याकडं तर शेवंतीची वेणी बायका हौसेनं माळतात, देवीलाही वाहतात.

झेंडू बघा की. मूळचा मेक्सिकोचा, तिथं गेलेल्या माणसांच्या सणाला त्याच्या पाकळ्या अंथरतात, आत्म्यांना घराची वाट सापडावी म्हणून. आणि इथं दसऱ्याला उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, गेलात तर लेथ मशीनला झेंडूची माळ, टेम्पोच्या बंपरला झेंडू, अगदी पान्ह्यांवर सुद्धा दोन फुलं ठेवलेली असतात.

आपल्यात फुलाचा अर्थ ते कुणाला वाहतात त्यावरून. लाल जास्वंद गणपतीची, केवडा शंकराला चालत नाही (ब्रह्मदेवाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली म्हणून, ही गोष्ट माहीत असेलच), प्राजक्त खाली पडलेला उचलून वाहिला तरी चालतो. चैत्र यात्रेला जोतिबाला दवणा, आता दवणा काय फूल नव्हे, पण त्याच्या वासाशिवाय आम्हाला चैत्र वाटतच नाही.

आणि तेरडा! त्या इंग्रजी चार्टमधे तेरडा म्हणजे उतावीळपणा, कारण पिकलेल्या बोंडाला नुसता हात लागला तरी ते फटकन फुटतं आणि बी उडतं, बारकी पोरं तोच खेळ करत बसतात. पण आमच्याकडं तो गौरीचा. गौरी आणायला बायका पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपं मुळासकट घेतात, मुळांची माती धुवून काढतात, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं मानतात, आणि मग कळशीत किंवा तांब्यात घालून वाजतगाजत घरी. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण एरवी टोमणा मारायला म्हणतो, पण गौर पण तीन दिवसच राहते की, आणि तेवढ्यात घरात काय रौनक असते! श्रावण-भादव्यात तो कुठंही उगवतो, एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी परत विकत आणायची गरज नाही.

एक मात्र चार्ट न बघता सांगतो, घरात लहान पोरं किंवा कुत्रं-मांजर असेल तर कण्हेर नको. देवाला चालते, पण पानापासून बीपर्यंत सगळी विषारी.

बाकी बिनधास्त शेवंती लावा. ऊन भरपूर पाहिजे, कुंडीत पाणी साठू देऊ नका आणि पावसाळ्यात शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड फुटतं आणि थंडीत फुलं जास्त लागतात. पिवळा गुलाब पण लावा, कुणी काय म्हणालं तर माझ्याकडं पाठवा त्याला.